रॉक मशीन आणि आमचे चिरंजीव

लातूरहून चिरंजीव घरी येतात तेव्हा पहिल्याने मळक्या कपड्यांची पिशवी आत येते, मग पुस्तकांची, आणि सर्वांत शेवटी ते स्वतः. यंदा गणपतीत हा क्रम चुकला. पहिल्याने आत आले ते एक लांबोळके काळे गाठोडे. माझ्या वडिलांची दृष्टी आता अधू झाली आहे. त्यांनी ओट्यावरूनच विचारले, “वीणा आणलीस का रे?” त्या प्रश्नात जो आनंद होता तो पुढच्या पाच मिनिटांत पार मावळला.

ती गिटार होती. कोलकात्याची, ‘गिव्हसन’ छापाची. हे नाव सावकाश वाचावे लागते. घाईत वाचले तर भलतेच अमेरिकन वाटते. “केवढ्याला?” सौ.ने विचारले. “जुनी आहे,” चिरंजीव म्हणाले. हे काही प्रश्नाचे उत्तर नव्हे, पण सणाच्या दिवशी कोणी उलटतपासणी घेत नाही.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करायला हवा. अंबाजोगाईसारख्या गावातल्या आईबापांचे लातूर हे हल्लीचे पंढरपूर आहे. दहावी झाली की मुलाला तिकडे खोली घेऊन द्यायची, डबा लावायचा, आणि दोन वर्षे ‘नीट’ नावाच्या परीक्षेची वारी करवायची. आम्हीही तेच केले. मी मराठीचा अध्यापक. घराण्यात डॉक्टर कोणी नाही. तेव्हा एक असावा असे सौ.ला वाटले. खरे सांगायचे तर मलाही वाटले.

आरती झाली, मोदक झाले, आणि चिरंजीवांनी जाहीर केले, “आम्ही बँड काढलाय.”

आमच्याकडे बँड म्हणजे लाल डगला, खांद्यावर सोनेरी झालर, पुढे क्लॅरिनेट आणि मागे हातगाडीवर कॅशियो व भोंगा. वडील म्हणाले, “लग्नसराईला अजून अवकाश आहे. सुपारी कोणाची घेतली?” मग नातवाने आजोबांना समजावून सांगितले की हा बँड वरातीपुढे चालत नाही, एका जागी उभा राहतो. चार मुले आहेत. ड्रमवाला केजचा, गाणारा परळीचा, दुसरा एक बेस वाजवणारा आहे, फक्त त्याच्याकडे अजून बेस नाही. बारावी द्यायची, ‘नीट’ मात्र द्यायची नाही, आणि पुण्याला जायचे. हे सगळे एका दमात सांगून त्याने चौथा मोदक उचलला.

माझ्या पोटात खड्डा पडला. विनोद पुष्कळ सुचतात, पण त्या क्षणी एकही सुचला नाही.

आपल्या बाजूचा पुरावा म्हणून त्याने ऑस्ट्रेलियातला एक बँड पुढे केला. ऑस्ट्रेलिया म्हणजे क्रिकेट एवढेच जाणणाऱ्या माझ्यासारख्याला ही हकीगत नवीन होती, म्हणून ती वाचकांनाही सांगतो. तिथे न्यूकॅसल नावाचे एक बंदर आहे. कोळसा आणि पोलाद यांचे गाव, म्हणजे आपल्या परळीचा थोरला भाऊ समजा. तिथली तीन शाळकरी मुले, डॅनियल जॉन्स, बेन गिलीज आणि ख्रिस जोअन्नू, १९९४ साली एका स्पर्धेत ‘टुमॉरो’ नावाचे आपले गाणे पाठवतात आणि पहिली येतात. वय वर्षे चौदा-पंधरा. बँडचे नाव ‘सिल्व्हरचेअर’. दुसऱ्या वर्षी त्यांचा पहिला संग्रह निघतो, आणि तो त्यांच्या देशात पहिल्या क्रमांकावर जातो, अमेरिकेत पहिल्या दहांत. पुढे २००७ पर्यंत पाच संग्रह निघाले आणि पाचही ऑस्ट्रेलियात आल्याआल्या पहिल्या क्रमांकावर. “आणि शाळा?” मी विचारले. “शाळा त्यांनी पुरी केली,” चिरंजीव नाइलाजाने म्हणाले. “दौऱ्यावर त्यांचे आईवडील बरोबर जायचे.”

सौ. इथपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आता ती आत येऊन बसली. आईवडील बरोबर जायचे ही गोष्ट तिला बरी वाटली असावी. पण पुढे मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला की त्या जॉन्सचे पुढे फार हाल झाले. विशीच्या आतच एवढी कीर्ती अंगावर आली की त्याला घराबाहेर पडणे नको झाले, अन्न जाईना, आणि ते दुखणे त्याने पुढे स्वतःच्या गाण्यात उघडपणे मांडले. २०११ साली तिघांनी काम थांबवले. “जेवायचाच नाही?” सौ.ने विचारले. त्या दिवसापासून लातूरच्या खानावळवाल्या बाईंना रोज संध्याकाळी आमच्या घरून फोन जातो.

एवढ्या दूरचा दाखला कशाला, असे मनात म्हणत मी त्या रात्री जागा राहिलो. आणि मला एकाएकी आपल्या मुंबईचा एक बँड आठवला.

साल १९९३. मी आठवीत होतो. आमच्या आळीत शेजारच्या घरी केबल आली होती आणि अर्धी आळी त्यांच्या बैठकीत मांडी घालून बसलेली असे. (जिल्ह्याच्या गावी, बीडला, पहिली आगगाडी पोचायला १७ सप्टेंबर २०२५ ही तारीख उजाडावी लागली, रॉक संगीत मात्र बत्तीस वर्षे आधीच तारेवरून आले.) एके दिवशी पडद्यावर लांब केसांची काही मुले गिटार घेऊन दिसली. खाली नाव आले, ‘इंडस क्रीड’. आम्ही सर्वांनी ती मंडळी परदेशी ठरवून टाकली. सुटीला गिरगावातून आलेला मावसभाऊ हसत सुटला. म्हणाला, “अरे, हे आपल्या मुंबईचे! गाणारा उदय बेनेगल, आणि गिटारवाला महेश तिनईकर.” तिनईकर! ‘कर’ने संपणारे आडनाव असलेला माणूस अशी गिटार वाजवू शकतो हे मला चंद्रावर माणूस गेल्याइतकेच नवल वाटले होते. ते गाणे होते ‘प्रिटी चाइल्ड’. त्याच वर्षी एमटीव्हीच्या पारितोषिकांत आशियातल्या प्रेक्षकांची पसंती त्याला मिळाली.

हा बँड १९८४ साली निघाला, तेव्हा त्याचे नाव ‘रॉक मशीन’ होते. पुढे जो संच नावारूपाला आला त्यात बेनेगल आणि तिनईकर यांच्याखेरीज बेसवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी. नावे नुसती ओळीने वाचली तरी चर्चगेटच्या गाडीचा डबा डोळ्यांपुढे येतो.

मुंबईत अशी बँडे काही पहिलीच नव्हती. साठीच्या दशकापासून कॉलेजांतून ‘बीट ग्रुप’ निघत होते. एका सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या शौकीन अजून जपून ठेवतात. पण बहुतेकांचे जिणे एकच: विलायतेतल्या बँडांची गाणी जशीच्या तशी वाजवायची. जितके हुबेहूब, तितकी टाळी. चांगले वाद्य मिळणे मुश्कील. कोणाचा काका आखातात, कोणाची आत्या इंग्लंडात, त्यांनी येताना तारा आणाव्यात तेव्हा वाजवायचे. रॉक मशीननेही सुरुवात अशीच केली. मग त्यांनी ठरवले की आपली गाणी वाजवायची.

हे वाक्य मी चार शब्दांत लिहिले, पण ते किती अवघड आहे हे मला ठाऊक आहे, कारण ते मला जमले नाही. विसाव्या वर्षी मी एका ऑर्केस्ट्रात गात होतो. आमच्याकडे गणपतीत आणि जत्रेत ऑर्केस्ट्रा म्हणजे मोठी गोष्ट असे. निवेदक माझे नाव सांगत नसे. ‘व्हॉइस ऑफ किशोर’ म्हणून मला पुढे बोलावी. दुसरा ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, तिसरा ‘व्हॉइस ऑफ रफी’. आम्हा तिघांना स्वतःचा आवाज आहे असे आयोजकांना वाटत नसे, श्रोत्यांना वाटत नसे, आणि तिसऱ्या हंगामापर्यंत आम्हालाही वाटेनासे झाले. एकदा एका गावी मी धीर करून माझी स्वतःची, स्वतः चाल लावलेली कविता सुरू केली. दुसऱ्या कडव्याला मागून आरोळी आली, “ए किशोर, तुझं गाणं म्हण की!” माझे गाणे म्हणजे कोणाचे, हे आरोळी देणाऱ्याला पक्के माहीत होते. मी ते म्हटले. वन्समोअर मिळाला.

म्हणून मला रॉक मशीनचे खरे कौतुक वाटते ते पारितोषिकांचे नव्हे. धोबीतलावला झेवियर्स कॉलेजाशेजारी रंगभवन नावाचे उघडे नाट्यगृह आहे. १९७८ साली पहिली ‘जाझ यात्रा’ तिथे भरली. १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ नावाचा मेळा भरू लागला, त्यालाही पुढे हेच घर झाले. (शांतता क्षेत्राच्या नियमाने पुढे तिथला मोठा आवाज बंद पडला, आजूबाजूला इस्पितळे आहेत, तेव्हा तक्रार तरी कोणी करावी!) अशा ठिकाणी शेकडो पोरे आपल्या आवडत्या विलायती गाण्यासाठी ओरडत असताना, कोणी न ऐकलेले स्वतःचे गाणे म्हणत उभे राहायचे. पुन्हा पुढच्या महिन्यात तसेच. असे करीत त्यांचा पहिला संग्रह ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ १९८८ साली निघाला. न्यूकॅसलच्या पोरांना स्पर्धेपासून संग्रहापर्यंत एक वर्ष लागले. इथे स्थापनेपासून चार लागली. दुसरा, ‘द सेकंड कमिंग’, १९९० साली.

त्याच १९८४ साली गोव्याच्या रेमो फर्नांडिसाने, शिक्षणाने वास्तुविशारद असलेल्या या गृहस्थाने, ‘गोअन क्रेझी’ घरच्या घरी मुद्रित केली आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या. तो एकटा होता म्हणून ते जमले, असे मला वाटते. चारपाच जणांचे एक मत करणे म्हणजे काय ते ज्यांनी गणेशमंडळाची वर्गणी गोळा केली आहे त्यांना विचारा.

आता मराठीचा अध्यापक म्हणून माझी जी अडचण होती ती सांगतो. ही सारी गाणी इंग्रजीत. चिरंजीवांनी लातूरच्या खोलीत बसून केलेली दोन गाणीही इंग्रजीत. ज्या गावात, म्हणजे आमच्या अंबाजोगाईत, मुकुंदराजांनी शके १११० मध्ये वेदान्त मराठीत आणला असे आम्ही मानतो (भंडाऱ्याकडच्या अंभोऱ्याचे लोक काय मानतात ते त्यांनाच विचारावे), आणि जिथे दासोपंतांनी कागद पुरेना म्हणून की काय कापडाच्या पासोडीवर मराठी ग्रंथ लिहिला, त्या गावच्या मुलाने इंग्रजीत रडावे? मी हे भाषण त्याला दिले. तो म्हणाला, “बाबा, तुम्हीच शिकवता ना, सुनीत इंग्रजीतून आलं आणि गझल फारसीतून?”

मी शिकवतो. केशवसुतांनी चौदा ओळींचा विलायती साचा घेतला आणि माधव जूलियनांनी गझल आणली, त्याबद्दल आपण त्यांना नकलाकार म्हणत नाही. पण त्या दोघांनी आत मराठी ओतली, हेही मी शिकवतो. रॉक मशीनलाही हा प्रश्न आतून सतावत असावा असे मला त्यांच्या नावावरून वाटते. १९९३ साली त्यांनी नाव बदलले. ‘रॉक मशीन’ हे कुठल्याही देशाच्या, कुठल्याही गल्लीतल्या बँडचे नाव होऊ शकले असते. ‘इंडस क्रीड’मध्ये निदान सिंधू नदी आहे. त्याच नावाचा संग्रह १९९५ साली निघाला.

आणि नेमकी तिथेच वाट अरुंद झाली. त्याच १९९५ साली अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’ घराघरांत गेले. ज्या वाहिन्यांनी या मुलांना आमच्या आळीपर्यंत आणले होते त्या हिंदीकडे वळल्या. त्यांना त्यातच प्रेक्षक होता, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. इंग्रजीत गाणारा देशी बँड विलायती श्रोत्याला पुरेसा विलायती नव्हता, आणि देशी श्रोत्याला पुरेसा देशी. १९९७ साली इंडस क्रीड थांबला. तेरा वर्षे, तीन संग्रह. बेनेगल आणि जयेश गांधी अमेरिकेला गेले आणि तिथे त्यांनी ‘आल्म्स फॉर शांती’ नावाचा दुसरा संच काढला. त्यात ते हिंदीतही गायले. माणसाला घरची भाषा कुठे आठवेल सांगता येत नाही.

हे सर्व मी दुसऱ्या दिवशी चिरंजीवांना सांगितले, आणि कबूल करतो, १९९७ पाशी येऊन थांबलो. वकील जसा आपल्या सोयीच्या कागदावर थांबतो तसा. एवढी गुणी मुले, मुंबईसारखे शहर, परदेशी पारितोषिक, आणि तरी तेरा वर्षांत खेळ आटोपला; मग केज, परळी आणि अंबाजोगाई यांचे काय? सौ.ने मान डोलावली. वडील काही बोलले नाहीत.

मुलगा म्हणाला, “पुढचं का नाही सांगत?”

त्याला पुढचे माहीत होते. त्याने माझ्या आधीच सगळे शोधले होते. २०१० साली बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. सोबत बेसवर रशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी अशी दोन नवी माणसे घेतली, आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह काढला. आधीच्या संग्रहानंतर सतरा वर्षांनी. डोक्यावरचे केस आखूड झाले होते, कोणी वाट पाहत बसले नव्हते, कोणी मागणी केली नव्हती. “मग त्यांनी का केलं, बाबा?” त्याने विचारले. हा वादासाठी विचारलेला प्रश्न नव्हता. त्याला खरोखर उत्तर हवे होते, आणि मी वर्गात तीस विद्यार्थ्यांपुढे जे सहज दिले असते ते उत्तर मला माझ्या मुलाला देता येईना.

वडिलांनी मध्येच विचारले, “तू जे वाजवतोस ते बसवलं कोणी?”

“मीच, आबा.”

“वाजव.”

वडील साठ वर्षे भजनात पखवाज वाजवीत आले; हात थरथरू लागले तेव्हा थांबले. त्यांच्यापुढे मुलाने गिटार काढली. तेवढ्यात वीज गेली. त्याचे ते यंत्र मुके झाले आणि नुसत्या तारांचा बारीक आवाज उरला. गाण्याचे शब्द इंग्रजी होते. वडिलांना त्यातला एक कळला नाही, मला निम्मे कळले. खोलीत एकट्या राहणाऱ्या मुलाला डब्यातली भाजी ओळखू येत नाही असे काहीसे होते. सौ. पदराला हात पुशीत उठून आत गेली. वडील गुडघ्यावर बोटाने ठेका धरीत होते, आणि दोन ठिकाणी त्यांनी बोट थांबवले. “इथं मात्रा खातोस,” ते म्हणाले. तो म्हणाला, “मुद्दाम आहे, आबा.” “मुद्दाम असेल तर दोन्ही वेळा सारखी खा.” त्याने पुन्हा वाजवले. या वेळी वडिलांचे बोट थांबले नाही.

तडजोड काय झाली ते सांगतो, कारण पत्रे लिहून विचारणारे वाचक आहेत. बारावी नीट द्यायची. ‘नीट’चेही पाहायचे, तो अर्ज भरायचा, इतके त्याने आईसाठी कबूल केले. गिटार लातूरला जाईल, पण खानावळ चुकवायची नाही. पुण्याचे जूनमध्ये बोलू. माझी एकच अट होती: कार्यक्रम कुठेही होवो, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात का होईना, त्यात निम्मी गाणी तरी स्वतःची हवीत, मागून कोणी काहीही ओरडो. आणि जमल्यास एक मराठीत. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ नावाचा संच संतांचे अभंग गिटार-ड्रमवर म्हणतो, तो मी त्याला ऐकवला. “ते चांगले आहेत,” तो म्हणाला, “पण शब्द तुकोबांचे आहेत ना?” ही अट माझ्यावरच उलटली हे माझ्या ध्यानात आले.

परवा त्याचा फोन आला. बेसवाल्याला बेस मिळाला आहे. जुना. मग सहज विचारावे तसे त्याने विचारले, “बाबा, तुम्ही ती चाल लावलेली कविता, किशोर-किशोर ओरडले होते ती, आठवते का अजून?”

मी म्हटले, “आता वेळ नाही रे, दिवाळी अंकाचं लिखाण चालू आहे.”

“कशावर लिहिताय?”

“रॉक मशीनवर.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे परत दुसऱ्यांच्याच बँडवर.”